नवे दिवे, समोरची भिंत

नरहरीबुवांच्या जुन्या गाडीचे दिवे इतके पिवळे पडले होते, की कीर्तन संपवून परतताना रस्ताच दिसेना. म्हणून बोईसरच्या ललित मेकॅनिकने बाजारातून दुसरे दिवे आणून बसवले.

"आज कुठं कीर्तन, बुवा?"

"सफाळ्याला. गेल्या खेपेला समोर तिघं होते, त्यातला एक माइकवाला. आज तसंच झालं, तर चिपळ्या कायमच्या ठेवून देणार हाय."

"असं नाय बोलायचं," ललित म्हणाला. झोत नीट लावायला अंधार हवा, म्हणून त्याने भरदुपारी गॅरेजचं शटर ओढलं आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर दिव्यांचा उजेड टाकला.

भिंतीवर माणसांच्या सावल्या पडल्या. मांडी घालून बसलेल्या माणसांच्या, ओळीमागे ओळ, अगदी छतापर्यंत. एका बाईच्या मांडीवर तर मूल होतं.

गाडी आणि भिंतीच्या मध्ये कोणीच नव्हतं.

"काचेवर कायतरी हाय," म्हणत ललितने दोन्ही काचा पुसल्या. सावल्या तशाच राहिल्या. गाडीजवळ उभ्या बुवांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

खात्री करायला ललितने दिव्यासमोर पंजा धरला. पंज्याची मोठी सावली भिंतीवर गेली, आणि तिच्या आड आलेली डोकी, काही डावीकडे, काही उजवीकडे, सावकाश झुकली.

पंजा तसाच धरून ललित भिंतीकडे बघत राहिला.

"हात काढ रे," बुवा हळूच म्हणाले. "त्यांना दिसत नाय."