चाकामागचा दगड

आत्मारामने मागचं डावं चाक काढलं, ड्रमवर हातोडीने हलकेच ठोकलं आणि तो ओढून बाहेर घेतला. आतली काळी भुकटी त्याच्या अंगावर आली. ब्रेक-शू पार झिजून रिव्हेटी उघड्या पडल्या होत्या.

"दादा, ह्यात काय उरलंच नाय. हँडब्रेक धरणार कसा?"

"मग एवढे दिवस नुसती केबल कशाला ताणत बसलास?" काशीराम म्हणाला.

आत्माराम ओशाळला. ह्या फियाटने त्याच्या गॅरेजची अब्रूच काढली होती. त्याने केबलचा नट आवळून द्यावा, गाडी चढाला ऐटीत उभी राहावी आणि आठवड्याभरात हँडब्रेक पुन्हा ढिला. रत्नागिरीत एक वेळ देव भेटेल, सपाट रस्ता भेटायचा नाही. तेव्हा गाडी थांबली की चाकामागे दगड लावायला माणूस लागायचंच. ते माणूस म्हणजे काशीरामची बायको, गोदा.

आत्ताही ती बाकड्यावर बसली होती आणि जांभा दगड पायाशी होता.

काशीरामने उभा जन्म मुंबईत टॅक्सी चालवली. गोदा गावी. सासू, गुरं, भाताची खाचरं. नवरा दिसायचा तो गणपतीला आणि शिमग्याला, तोही माणसांच्या गराड्यात. धड दोन शब्द बोलायची चोरी. मग काशीराम थकला, जुनी फियाट घेऊन कायमचा घरी आला आणि गावच्या लोकांची ने-आण करू लागला.

सासू हौसाबाई जुन्या वळणाची. सुनेने नवऱ्याच्या शेजारी बसून गावं हिंडावीत हे तिला मेल्यावरसुद्धा पटलं नसतं. पण हँडब्रेक गेला आणि म्हातारीच अंगणातून हाका मारायला लागली, "गो गोदा, भांडी राहू देत. जा आधी. गाडी घरंगळली तर माझा झील जायचा दरीत."

काय दिवस होते ते. कुणाचं वऱ्हाड दापोलीला पोचवायचं, की गोदा पुढच्या सीटवर. आंजर्ल्याला जायचं, तर खाडीच्या उतारावर गाडी ठेवायची, चाकामागे दगड लावायचा आणि दोघांनी होडीतून पलीकडे जाऊन गणपतीचा कडा चढायचा. परतताना मांडवीला वाळूत बसून भेळ खायची. गोदाने जन्मात पहिल्यांदा भेळ खाल्ली ती तिथे, आणि तिखट लागून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा काशीराम इतका हसला, की तीही हसायला लागली. तोवर ती दोघं कधी एकत्र हसलीच नव्हती.

दगडाच्या नावाने मात्र ती सदा कुरकुरायची. "बायकांच्या गळ्यात डोरलं असतं, माझ्या गळ्यात धोंडा," असं चारचौघींत सांगायची. लोक थट्टा करायचे, "वहिनी, गाडी सांभाळता की नवरा?"

"दोन्ही उताराला लागलीत. दगड लावल्याशिवाय राहतात कुठे?"

यंदा तिच्या कमरेत उसण भरली. मच्छीबाजाराच्या उतारावर ती दगड ठेवायला वाकली आणि तशीच राहिली. काशीरामने हाताला धरून उठवली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. मुंबईला हिला कधी नेली नाही, आणि म्हातारपणी ही आपल्यापायी दगड उचलते. त्याने ओळखीच्या माणसाकडून मुंबईहून नवे ब्रेक-शू मागवले.

"आता तू सुटलीस गो," गॅरेजात तो तिला म्हणाला. "उद्यापासून यायला नको. घरी आयेसोबत पडवीत बस, आराम कर."

"सुटले बाई एकदाची," गोदा म्हणाली आणि रस्त्याकडे बघत बसली.

आत्मारामचं काम पद्धतशीर. दोन्ही चाकं एकदम उघडायची नाहीत. एक उघडायचं, दुसरं तसंच ठेवायचं. स्प्रिंग कुठली कुठे लागते हे विसरलं, तर दुसऱ्या चाकात बघता येतं. त्याने डावीकडे नवे शू बसवले, पकडीने स्प्रिंगा ताणून अडकवल्या, ड्रम चढवून हाताने फिरवून पाहिला. मग उजवं चाक. गोदा मान वर करून सगळं निरखत होती.

"वहिनी, गॅरेज काढताय काय?" आत्मारामने विचारलं.

"बघते आपली. किती वेळ लागेल अजून?"

"झालंच."

शेवटी तो गाडीखाली सरपटत गेला. बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू येत होती. बाहेर आला तो खुशीत. "दादा, केबल ताणली आणि ह्या वेळी नटावर दुसरा नट मारलाय. चेकनट. आता आपोआप ढिला व्हायची बातच नको."

समोरच्या उतारावर काशीरामने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरला. गाडी जागची हलली नाही. आत्मारामने मागून जोर लावून पाहिला, तरी नाही. काशीरामचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. त्याने गोदाच्या पायाशी पडलेला दगड उचलला आणि गटारापलीकडच्या झुडपांत भिरकावून दिला.

"बघ. गेली तुझी पीडा."

"गेली," गोदा म्हणाली. ती बाकड्यावरून उठली नाही. काशीरामला वाटलं, कंबर दुखते आहे.

तो समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला. आत्माराम चिंधीला हात पुसत होता. गोदा उठून त्याच्याजवळ आली. काशीराम लांब गेल्याची तिने मान वळवून खात्री केली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आधीच्या नटाला घरातली पक्कड पुरायची. ह्या दुसऱ्याला कुठचा पाना लागतो?"