पोहायचे दिवस

सकाळचे सहा पन्नास. शेजारी कडूबाच्या मोबाइलवर तापमान अकरा अंश. विहिरीच्या काठावर अर्पिता पोहण्याचा पोशाख घालून उभी होती आणि तिचे आजोबा कचरू तिला सलग चौथ्या डिसेंबरात नाही म्हणत होते.

“हे काय पवायचे दिवस हाएत का?” ते म्हणाले. “मे महिन्यात ये. आखाजीला. मंग दिवसभर पव.”

धावड्याजवळच्या त्या वस्तीवर याबाबत दुमत नव्हते. पोहायचे ते उन्हाळ्यात. डिसेंबरात माणसाने शेकोटीपाशी बसायचे. शेजारच्या शेतातला कडूबा कानटोपीवर मफलर, मफलरवर घोंगडी घेऊन बसला होता. कचरूंचा मुलगा, अर्पिताचा बाप भारत मात्र अर्ध्या चड्डीत उभा राहून चहा पीत होता. तो बारा वर्षांपासून कॅनडात राहत होता. निघाला त्या दिवशी तिथे उणे चोवीस होते. अकरा अंशाला तिथली माणसे अंगणात ऊन खात पडतात, असे त्याचे म्हणणे. तिकडच्या पगारात पँट बसत नाही का, असे कडूबाने त्याला कालच विचारून घेतले होते.

अर्पिता अकरा वर्षांची. तिकडे छताखालच्या तलावात ती आठवड्यातून चार दिवस पोहत असे. दोन पदके तिने दाखवायला आणली होती. कचरूंनी ती तळहातावर घेऊन वजन पाहिले आणि परत दिली. त्यांच्या लेखी पोरीला अजून पोहता येत नव्हते, कारण त्यांनी शिकवले नव्हते. भारतला त्यांनी याच विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून ढकलले होते. तो भोपळा ओसरीच्या आढ्याला अजून टांगलेला होता.

पाहुणे वर्षातून एकदा येत, एकवीस दिवसांसाठी. एकवीस दिवस पुरत नाहीत, हे कचरू कुणाला बोलले नव्हते. ते फक्त आखाजीला, अक्षय तृतीयेला या म्हणत.

“बरं अण्णा, तुमचंच खरं,” भारतने कप खाली ठेवला. “नऊ मेची तिकिटं काढली रात्री. शाळेची परवानगीबी घेतली. आता बघू तुमचे पवायचे दिवस.”

कडूबाने एकदा विहिरीकडे पाहिले आणि काडीने निखारे सारखे केले. कचरूंच्या बायकोने, नंदाबाईने, त्यांच्या तोंडाकडे पाहिले.

कचरू बराच वेळ हात शेकत राहिले. मग उठले, ओसरीवर गेले आणि भोपळा काढून आणला. फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली.

“चल,” ते अर्पिताला म्हणाले.

नंदाबाईने आधी थंडी सांगितली, मग त्यांचे वय सांगितले. दोन्हीचा उपयोग झाला नाही. “अडुसष्ट वर्षांचं लेकरू हाय हे,” ती कडूबाला म्हणाली. “दवाखान्यात मी बिलकुल येणार न्हाई.”

कचरूंनी स्वेटर काढला, सदरा काढला, टोपी त्यावर ठेवली. दोन पदके मिळवलेल्या पोरीने दोन्ही हात वर करून मुकाट भोपळा बांधून घेतला. गाठ दोनदा ओढून पाहून झाली. दोघे पायऱ्या उतरले. पाण्याजवळच्या पायरीवरून कचरूंनी तिला ढकलले आणि मागोमाग स्वतः उडी टाकली.

अर्पिता वर आली. “आबा, पाणी तर कोमट आहे.”

“हिवाळ्यात असंच ऱ्हातंय.”

हे त्यांना नवीन नव्हते. पहाटे मोटर चालू करायला जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. थंडी काठावर असते, पाण्यात नसते.

त्यांनी विहिरीला दोन फेऱ्या मारल्या. कचरू पुढे, भोपळा मागे. अर्पिताने एकदाही पुढे जायचा प्रयत्न केला नाही. तिसऱ्या फेरीला ते कपारीला धरून थांबले. विहिरीत बोललेले सगळे वर ऐकू जाते, म्हणून ते तिच्या कानाशी गेले.

“मे महिन्यात हितं पाणी नसतंय. गुढीपाडव्यालाच तळ दिसतो. सहा वर्षं झाली.”

हे फोनवर त्यांनी भारतला कधी सांगितले नव्हते. त्याला आठवत होती ती तो गेला त्या वेळची उन्हाळ्यातली विहीर.

अर्पिता भोपळ्याच्या आधाराने तरंगत होती. “मग तुम्ही दरवर्षी मे महिन्यात या का म्हणता?”

“मंग दुसरं काय म्हणू?”

वर काठावर भारतचे डोके दिसले. अण्णांनीच नियम मोडल्यामुळे तो खुशीत होता. आता उन्हाळ्यात एवढा खर्च कशाला, तिकिटे आज दुपारपर्यंत रद्द करता येतात, पैसे पूर्ण परत मिळतात, असे त्याने वरूनच सांगितले. मग विचारले, “अर्पिता, झालं ना पोहून? करू का रद्द?”

कचरूंनी कपारीतले एक वाळके पान उचलून पाण्यात सोडले.

“नको,” खालून अर्पिताचा आवाज आला. “आबा म्हणतात, हे पोहायचे दिवस नाहीत.”

तिकिटे रद्द झाली नाहीत. चौदा मार्चला कचरूंनी दोराला दगड बांधून विहिरीत सोडून पाहिला. दोर सव्वा फूट भिजला. त्याच संध्याकाळी अर्पिताचा फोन आला. पाणी किती आहे, हे तिने विचारले नाही. भोपळा जाग्यावर आहे ना, एवढेच विचारले.