दर्शनाची बढती

मरोळच्या कारखान्यात सोमवारी यंत्राखाली नितेशची तीन बोटं गेली. काम भरभर व्हावं म्हणून यंत्रावरची संरक्षक जाळी साहेबांनीच काढायला लावली होती. मंगळवारी त्यांनी डिस्पॅचच्या दर्शनाला केबिनमध्ये बोलावून पेढ्यांचा पुडा दिला. "अभिनंदन, पोरी! आजपासून तू आपली सुरक्षा अधिकारी." नऊ वर्षं बढतीची वाट पाहणाऱ्या दर्शनाने तिथूनच आईला फोन लावला. आई रडली. साहेबही गहिवरले आणि सहीसाठी त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. पेढे वाटत ती माझ्यापाशी आली, तेव्हा मी तिचं बढतीचं पत्र वाचलं. "दर्शना, सही केलीस? यावर तारीख मागच्या महिन्याची आहे गं." "असू दे यार, नऊ वर्षांतला एक महिना तरी भरून निघाला!" तेवढ्यात दारात पोलीस आले. "सुरक्षेची जबाबदारी कुणाकडे?" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दर्शनाने लाजत हात वर केला.