टिक आणि टक

“जरा जोरात बोला, पावणं. मशिनच्या आवाजानं ह्यांचं डोकं भणभणलंय,” कालिंदीबाई म्हणाल्या आणि लसणाचं ताट घेऊन नवऱ्यासमोर बसल्या.

मशीन सकाळपासून बंदच होतं. पण गडमुडशिंगीहून आत्ताच आलेल्या पिराजीरावांना ते कुठून कळणार! त्यांनी वडिलांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. ते रिकामं असल्याची माधवरावांनी आधी खात्री करून घेतली.

“सरावाला गेलतो,” पिराजीराव ओरडून म्हणाले. “बार काढला की गालाला कायतरी कचकन लागतंय. चक्री तर झकास फिरती की!” आणि त्यांनी घोडा खाडकन मागं ओढून दाखवला.

माधवराव हसले. जोरात ओढलं की झिजलेली चक्रीसुद्धा झोकात जागेवर जाते आणि दोष लपतो. म्हणून ते घोडा अंगठ्यानं हळूहळू मागं घ्यायचे, दुसऱ्या बोटानं चक्रीला किंचित अडवायचे आणि कान लावायचे. आधी ‘टिक’ व्हायला हवं, म्हणजे खिट्टी खाचेत पडली, चक्रीतलं गोळीचं घर नळीसमोर आलं. मग ‘टक’, म्हणजे घोडा अडकला. ‘टक’ आधी आलं तर घर नळीपर्यंत पोचलेलंच नसतं. गोळी नळीच्या कडेला घासते, शिशाचे कपचे बाजूला उडतात. आज गालावर, उद्या डोळ्यात.

शिवाजी पेठेतल्या या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात लोक यायचे ते माधवरावांच्या कानासाठी. आणि त्या कानांनीच दगा दिला होता.

लेक ऋता लग्न होऊन कॅनडाला गेली, तेव्हापासून कालिंदीबाई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहायच्या. हळदीकुंकवाला जाणं सुटलं, बोलणंही सुटलं. अशात एका संध्याकाळी माधवराव जेवता जेवता म्हणाले, “मला टिक ऐकू येईना गं. दुकान बंद करावं लागंल.”

लेकीसाठी झुरणारी बाई ताडकन उठली. दुसऱ्या दिवशी ताट-वाटी घेऊन दुकानात हजर! टिक आधी वाजलं तर लसणाची सोललेली पाकळी वाटीत, टक आधी वाजलं तर ताटात, ही नवऱ्याला खूण. बहिऱ्याच्या हाती बंदूक कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तर चहावाल्याशी भांडण असो की गिऱ्हाइकाच्या सुनेची चौकशी, बाईंशिवाय दुकानाचं पान हलत नव्हतं. घरी मात्र रोज लसणाची चटणी.

माधवरावांनी पहिलं घर फिरवलं. टिक, टक. पाकळी वाटीत. दुसरं, तिसरं, करत करत पाच घरं सरळ निघाली.

सहाव्याला नेमकी बाहेर मिरवणूक आली. तालमीची फुटबॉल टीम सामना जिंकून आली होती. हलगी, भोंगे, गुलाल, नुसता दणका! कालिंदीबाईंना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पाच सरळ, मग सहावंच कशाला वाकडं असेल? त्यांनी पाकळी वाटीत टाकली आणि पिराजीरावांना नातवंडं किती ते विचारायला लागल्या.

मिरवणूक कोपऱ्यावरून वळेपर्यंत माधवराव चष्मा पुसत बसले. मग मान खाली घालून त्यांनी तेच घर पुन्हा एकदा फिरवलं.

“सहाव्या घरात खोट हाय,” ते म्हणाले. “आधी टक म्हणतंय. चक्रीमागचा एक दाता झिजलाय. दुरुस्त होईस्तोवर उडवायचं न्हाय.”

कालिंदीबाईंनी वाटीतली ती पाकळी उचलून ताटात टाकली.

“कान हाय का काय हाय!” पिराजीराव हात जोडून म्हणाले आणि रिव्हॉल्व्हर ठेवून गेले.

कालिंदीबाई नवऱ्याच्या डाव्या कानाशी गेल्या. “कसं कळलं हो तुम्हाला?”

“अंगठ्याला लागलं की,” माधवरावांनी अंगठा वर करून दाखवला आणि कानस हातात घेतली.

बाईंचे डोळे भरून आले. आपल्या एका पाकळीनं भल्या माणसाचा डोळा गेला असता. आणि हा बाप्या एका शब्दानं बोलला नाही. इतका जीव लावणाऱ्या माणसाच्याच वाट्याला हे बहिरेपण का यावं?

त्या पाठ फिरवून भिंतीवरच्या तसबिरीपुढं उभ्या राहिल्या आणि ओठातल्या ओठात पुटपुटल्या, “अंबाबाई, मी चुकायला लागले गं. ह्यांचे कान ह्यांना परत दे. मी काय, बसेन की घरात, पहिल्यासारखी.”

“मग नको,” मागून माधवराव म्हणाले.