हाताखालची

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात शेठच्या टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या. एकीवर शेठ, दुसरीवर मोझांबिकहून कच्चा काजू विकायला आलेल्या सेलेस्तेबाई. दुभाषी नेत्रा सकाळपासून मध्ये उभी. पायांत गोळे आलेले.

“हिला खुर्ची नाही?” बाईंनी पोर्तुगीजमध्ये विचारलं. नेत्राने ते शेठना मराठीत सांगितलं.

शेठ ऐटीत म्हणाले, “ही माझ्या हाताखालची. हाताखालच्यांना उभंच ठेवावं, नाहीतर डोक्यावर बसतात.”

दुसऱ्या एखाद्या दुभाषीने हे गोड करून सांगितलं असतं. नेत्राने शब्द न् शब्द पोर्तुगीजमध्ये ओतला. बाईंच्या भुवया चढल्या. त्या बोलल्या, आणि नेत्राने शेठच्या डोळ्यांत बघून ते मराठीत आणलं, “माझं तोंड आणि माझे कान उभे ठेवून मी सौदा करत नसते. ऊठ, तिला खुर्ची दे.”

“कुणाला ऊठ म्हणतेस गो?” शेठ गरजले.

“मी कुठे, शेठ? बाई म्हणतायत. मी आपली हाताखालची.”

माल हातचा जाईल म्हणून शेठ उठले. नेत्रा ऐसपैस बसली. बाई गालात हसत होत्या, बोलत काहीच नव्हत्या.

तरी नेत्राने भाषांतर केलं, “बाई म्हणतायत, आता दोन चहा सांग. साखर कमी.”