पुलाऐवजी बाक

मंत्रीसाहेब आधी कॅमेरेवाल्याकडे बघून हसले आणि मग टीना रिग्बीकडे वळताना त्यांनी चेहरा पाडला. वसाहतीच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसलेल्या लेन ऍशवर्थने ते बरोबर टिपलं. सत्तरी उलटलेला हा निवृत्त बसड्रायव्हर आयुष्यभर कोटाला डाव्या पक्षाचा लाल बिल्ला लावून दर शनिवारी बाजारात पत्रकं वाटत आला होता. पाडलेले सरकारी चेहरे त्याने इतके पाहिले होते, की आता त्याला त्यांची शिसारी यायची.

टीनाचा तेरा वर्षांचा डेक्लन शाळेतून येताना वसाहतीसमोरच्या हायवेवर ट्रकखाली गेला होता. तिथे पादचारी पूल हवा म्हणून वसाहत त्याच्या जन्माआधीपासून ओरडत होती. रस्ता सरकारचा, म्हणून मंजुरीही लंडनहून यायची. लंडनने नाही म्हटलं. पोर गेल्यावर चौकशी बसली, उशीएवढा जाड अहवाल आला, ‘यातून धडा घेतला जाईल’ असं संसदेत उभं राहून कोणीतरी म्हणालं. नकार नेमका कोणी दिला, एवढंच त्या अहवालात नव्हतं. आणि आज मंत्रीसाहेब आले होते ते बाक द्यायला. हायवेच्या कडेला, डेक्लनच्या स्मरणार्थ, ओकच्या लाकडाचा बाक.

"बसून ट्रक मोजायला!" लेन सकाळी टीनाच्या दारात उभा राहून म्हणाला होता. "तोंडावर फेक त्यांच्या. पूल मागितला तर बाक देतायत. उद्या दवाखाना मागितला तर रुमाल देतील, डोळे पुसायला."

टीनाने उलट ठेवणीतला कोट घातला, हॉलच्या कपाटातले टवके न उडालेले कप शोधून काढले, बशीत क्रीमची बिस्किटं मांडली. ते बघून लेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली बिचारी विकली, एका फळकुटावर! या देशातल्या गरिबांची त्याला नेहमी अशीच चीड यायची. सुटातला माणूस दारात आला की ते आधी चहाची किटली चढवतात आणि त्याला काय विचारायचं होतं ते विसरतात.

"तुमचं दुःख मी समजू शकतो, मिसेस रिग्बी," मंत्रीसाहेब म्हणाले.

"पुलाला नाही कोण म्हणालं, साहेब?" लेनने मागून विचारलं.

"तो निर्णय माझ्या आधीचा आहे."

"तुमच्या आधीचे म्हणायचे, त्यांच्या आधीचा. खुर्ची गरम व्हायच्या आत उठता हो तुम्ही लोक! आणि इथे मंत्र्याने माती खाल्ली की त्याला घरी कुठे बसवतात? उमराव करून वरच्या सभागृहात बसवतात. मी डेपोत एकदा बसचा आरसा फोडला, तर साहेबाने माझी तीन ठिकाणी सही घेतली होती. पगार कापला तो वेगळाच."

"तुमच्या भावनांचा मी आदर करतो."

"भावना नाही विचारल्या. नाव विचारलं."

"लेन, चहा घे," टीना म्हणाली.

आपलीच माणसं अशी, मग साहेबांना काय बोलायचं, असं वाटून लेनने चहाला हातसुद्धा लावला नाही.

साहेबांबरोबर आलेल्या तरुण बाईने एक छापील कार्ड टीनापुढे ठेवलं. "बाकावरच्या पितळी पाटीचा मजकूर. स्मरणार्थ ठेवलेल्या सगळ्या बाकांवर असतो तसाच साधा ठेवलाय. तुम्ही हो म्हणालात की कोरायला देतो."

टीनाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "डेक्लन रिग्बी. याला ही जागा फार आवडायची."

लेन ताडकन उठायला गेला. टीनाने त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"आवडायची?" ती म्हणाली. "घाबरायचा तो तिथे. मित्रांसमोर आईला ओळख द्यायची नाही इतका मोठा झाला होता, पण तो रस्ता आला की माझी बाही धरायचा. पलीकडे गेलो की सोडायचा. त्या दिवशी मी कामावर होते."

बाहेरून एक ट्रक गेला. तरुण बाईचे कान लाल झाले.

"माफ करा," ती म्हणाली. "आपण बदलू ना मजकूर. तुम्ही म्हणाल ते घालू."

"म्हणेन ते?"

"अर्थात," मंत्रीसाहेब म्हणाले आणि कॅमेरेवाल्याला दिसेल असा त्यांनी टीनाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाक तुमचाच आहे."

"मग पोराचं नाव काढा. ते मला पाठ आहे. पुलाला ज्याने नाही म्हटलं, त्याचं घाला."

खांद्यावरचा हात निघाला. कॅमेरेवाल्याने विचारल्यासारखं साहेबांकडे बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला.

"असं एक नाव नसतं हो, मिसेस रिग्बी," मंत्रीसाहेब लहान मुलीला समजावावं तसं म्हणाले. "सचिव असतात, सल्लागार असतात, अर्थखातं असतं, मंत्री तर बदलतच असतात. अशा निर्णयात पुष्कळ जण असतात."

अर्धवट उठलेला लेन तसाच हळूच खाली बसला. सकाळी आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं, त्याची त्याला लाज वाटली.

टीनाने चष्मा काढला आणि कार्ड साहेबांच्या पुढ्यात परत सरकवलं.

"मग बाक लांब करा," ती म्हणाली.