खोक्यातला चष्मा

मिशनच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या पडद्यांतून परक्या देशातली दुपार झिरपत होती. आपल्या गावच्या चर्चनं पाठवलेल्या जुन्या चष्म्यांच्या खोक्यात सिस्टरनं हात घातला आणि बोटांना ओळखीची चिकटपट्टी लागली. बाबांच्या चष्म्याच्या मोडक्या काडीला ती तिनंच गुंडाळली होती. बाबा जाऊन वर्ष झालं. आईनं परस्पर चष्मा देऊन टाकला होता. सिस्टरनं तो हळूच एप्रनच्या खिशात सरकवला. नेमकं रांगेतल्या शेवटच्या आजोबांना एकाही चष्म्यातून धड दिसेना. चष्मा देताना ती नेहमी पुटपुटायची, ‘प्रभू, यांना दिसू दे.’ आज ओठ हलेनात. हात मात्र खिशात गेला. आजोबांनी चष्मा चढवला. पाण्याखालून वर आल्यासारखे ते खिडकीकडे, मग तिच्याकडे बघत राहिले आणि काहीतरी बोलले. दुभाषी हसला, “विचारतायत, पोरी, जेवलीस का?” “अजून नाही, बाबा,” ती मराठीतच म्हणून गेली.